गॅस उतरतो गुहागरात, बिल येतं आपल्या घरी: कोकणात पाइपगॅस घेणाऱ्यांसाठी

रत्नागिरीत नव्याने राहायला आलेला माणूस महिनाभरात एक प्रश्न हमखास विचारतो. "तुमच्याकडे दाभोळला एवढा मोठा गॅसचा प्रकल्प, मग तुम्हाला गॅस स्वस्त मिळत असेल ना?" मी एका आंबा कॅनिंगच्या कारखान्याचे हिशेब बघतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे घरचा म्हणूनही येतो आणि धंद्याचा म्हणूनही. उत्तर एकच: नाही. गॅस किती लांबून आला यावर आपला दर ठरत नाही, तो वाटपाच्या कुठल्या खात्यातून, घरगुती की धंद्याच्या, आला यावर ठरतो. एवढं कळलं की पुढची कामं सोपी होतात.

आधी नावाचा घोळ मिटवू. 'दाभोळचा प्रकल्प' दाभोळला नाहीच. दाभोळ गाव खाडीच्या उत्तरेला, दापोली तालुक्यात. प्रकल्प खाडीच्या दक्षिणेला, गुहागर तालुक्यात अंजनवेल-वेलदूरच्या अंगाला. दाभोळ-धोपावे फेरीबोटीतून जाताना दिसतो तो हाच. एन्रॉनच्या काळातली दाभोळ पॉवर कंपनी २००१ मध्ये बंद पडली, २००५ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर उभी राहिली, आणि तिथलं एलएनजीचं, म्हणजे द्रवरूप नैसर्गिक गॅसचं, टर्मिनल २०१३ मध्ये सुरू झालं. आज ते कोकण एलएनजी या कंपनीकडे आहे, क्षमता वर्षाला ५० लाख टन. उणे १६२ अंशांना द्रव केलेला गॅस जहाजातून येतो. द्रव असताना तो मूळ आकारमानाच्या सहाशेव्या भागात मावतो. इथे त्याचा पुन्हा वायू करतात आणि मोठ्या पाइपात सोडतात. एक पाइप पनवेल-उरणकडून गुजरातेतल्या दहेजला जोडलेला, दुसरा थेट बंगळूरला गेलेला. म्हणजे अंजनवेलला उतरलेला गॅस देशाच्या जाळ्यात मिसळतो. तुमच्या शेगडीत त्यातलाच येतो की मुंबई हायचा, हे कुणी सांगू शकत नाही आणि बिलाला त्याने फरकही पडत नाही. वर पावसाळ्यात लाटा अडवणारी भिंत पुरी नसल्याने बरीच वर्षं त्या धक्क्याला जून ते सप्टेंबर जहाजच लागत नसे. तेव्हा तर 'आमच्या दारातला गॅस' वर्षातून आठच महिने दारात असायचा.

आधी बघा, तुमच्या वाडीत पाइप आहे का

कंपनी निवडायची सोय नाही. पेट्रोलियम अँड नॅचरल गॅस रेग्युलेटरी बोर्ड प्रत्येक भागासाठी एकाच कंपनीला परवाना देतं. रायगडात महानगर गॅस. रत्नागिरी जिल्ह्यात परवाना युनिसन एन्व्हायरोला मिळाला होता, ती कंपनी २०२४ मध्ये महानगर गॅसने विकत घेतली. सिंधुदुर्गात महाराष्ट्र नॅचरल गॅस, तर वर पालघरात गुजरात गॅस. जिल्ह्याला परवाना असणं आणि तुमच्या आळीत पाइप असणं यात मात्र बरंच अंतर आहे. कोकणात वस्ती विखुरलेली आणि जमीन जांभ्याची. मीटरभर खोल चर मारायचा तर पुण्याच्या काळ्या मातीत जे काम दिवसात होतं त्याला इथे ब्रेकर लागतो. म्हणून पाइप आधी शहरात, सोसायट्यांच्या रस्त्याला आणि एमआयडीसीकडे जातो. गावातल्या सुट्या घरांचा नंबर शेवटी.

घर भाड्याने घेण्याआधी एक चक्कर मारा. रस्त्याच्या कडेला गॅसलाइनचे दर्शक खांब दिसतात का, इमारतीच्या बाहेरून पिवळा रंगवलेला लोखंडी पाइप वर चढलाय का, जिन्याजवळ मीटर टांगलेत का. मीटर असतील तर शेजाऱ्याला विचारा की ते चालू आहेत का. पाइप चढवून झालेत पण गॅस सोडलेला नाही, असंही बरेच दिवस राहू शकतं. ब्रोकर "पाइपगॅस आहे" म्हणतो तेव्हा त्याने पाइप पाहिलेला असतो, ज्योत नाही.

अर्ज दिवाळीनंतर करा

कागदपत्रं साधीच. ओळखपत्र, वीजबिल, घरपट्टीची पावती किंवा असेसमेंटचा उतारा, सोसायटी असेल तर तिचं ना-हरकत पत्र, भाडेकरू असाल तर मालकाची लेखी संमती. अनामत रक्कम भरावी लागते आणि ती परत मिळणारी असते. पावतीवर 'परत मिळणारी' किती आणि 'परत न मिळणारी' किती, हे दोन आकडे वेगवेगळे लिहून घ्या. मीटरपासून शेगडीपर्यंत ठरावीक लांबीचा पाइप ठरलेल्या खर्चात येतो, त्याच्या पुढच्या प्रत्येक मीटरला जादा पैसे. म्हणून सर्व्हेला माणूस येईल तेव्हा शेगडी कुठे ठेवणार हे नक्की असू द्या. आमच्याकडे ओटा खिडकीकडे सरकवायचा विचार मी पाइप बसल्यावर केला. त्याचे पैसे वेगळे गेले, त्याला मीच जबाबदार.

दिवाळी अशासाठी की पावसाळ्यात रस्ते खोदायला परवानगी मिळणं कठीण असतं. मे महिन्यात अर्ज केलात तर सर्व्हे होईल, पावती मिळेल, आणि मग गणपती जाईपर्यंत तुम्ही पावसाकडे बघत बसाल. नोव्हेंबरात केलेल्या अर्जाला पुढचे सहा-सात महिने कोरडे मिळतात.

आता एक गोष्ट स्पष्टच सांगतो. मुंबईत राहून शिमगा, मे आणि गणपतीला घर उघडणाऱ्यांनी पाइपगॅसच्या मागे लागू नये. बंद घराचं मीटर वाचता येत नाही, मग सरासरीवर बिल निघतं, वापर नसला तरी स्थिर आकार चुकत नाहीत, आणि वर्षभर बंद घरात गॅसची लाइन जिवंत ठेवायची. अशा घराला सिलिंडरच बरा. निघताना रेग्युलेटर काढून ठेवला की विषय संपला.

बसवताना काय बघायचं

रस्त्याखालून येणारा पिवळा प्लास्टिकचा पाइप साधारण ४ बार दाबाचा. इमारतीजवळ रेग्युलेटर तो दाब उतरवतो, मीटरजवळ आणखी उतरतो, आणि शेगडीला मिळतो फक्त २१ मिलिबार. सिलिंडरचा रेग्युलेटर ३० मिलिबारच्या आसपास देतो. दाब कमी आणि गॅसही विरळ, म्हणून बर्नरमधलं जेट बदलावं लागतं, मोठ्या भोकाचं बसवावं लागतं. हे काम कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्या. जुन्या जेटला सुई घालून भोक मोठं करणारे मिस्त्री बाजारात आहेत, त्यांना पडवीतही घेऊ नका. जेट बरोबर बसलं की ज्योत निळी आणि बर्नरला चिकटून राहते. पिवळी होऊन भांड्याला काजळी धरली तर हवा कमी पडतेय. ज्योत बर्नरपासून सुटून उडायला लागली तर हवा जास्त होतेय. काम करणारा माणूस जाण्याआधी प्रत्येक बर्नर लहान-मोठा करून बघा, प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावायला सांगा, बुडबुडा दिसला तर सही करू नका.

खाऱ्या हवेचं कोकणात वेगळं सांगायला नको. मिऱ्या-मांडवीच्या बाजूला लोखंडी पाइपाचा रंग दोन पावसाळ्यांत पोपडे धरतो. क्लॅम्पपाशी, जिथे पाणी साचतं, तिथे गंज आधी दिसतो. दर दिवाळीच्या साफसफाईत तिथे नजर टाका आणि पोपडे दिसले की कंपनीला कळवा. स्वतः खरवडू नका.

शेजारच्या काकूंकडे पाइप आला त्या दिवशी त्यांनी मला बोलावून घेतलं. शेगडीसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "अरे, बाटला संपला की कळतं. हा संपल्याचं कळायचं कसं?"

"काकू, हा संपत नाही."

"मग काय होतं?"

"बिल येतं."

त्या थोडा वेळ ज्योतीकडे बघत राहिल्या. मग न्हाणीघरातली चूल मोडायची नाही, असा निर्णय त्यांनी तिथल्या तिथे देऊन टाकला. हिशेबाने बघितलं तर त्यांचं बरोबर आहे. २० लिटरची बादली २० अंशांनी तापवायला ४०० किलोकॅलरी लागतात. शेगडीवर निम्मी उष्णता वाया जाते, म्हणजे बादलीला साधारण ०.०९ घनमीटर गॅस. चार माणसांच्या चार बादल्या रोज तापवल्या तर महिन्याला १०-११ घनमीटर. स्वयंपाकाला जेवढा लागतो त्याच्या जवळपास पाऊणपट. सोडणं, करवंट्या आणि झावळ्या परसात फुकट पडलेल्या असताना आंघोळीचं पाणी गॅसवर कशाला?

बाटला की पाइप: १८ ने भागा

इथे थोडं थांबून वाचा, कारण सगळ्या तुलना इथेच फसतात. सिलिंडर किलोत, पाइपगॅस घनमीटरात, बिलावर 'एससीएम' (स्टँडर्ड क्युबिक मीटर) लिहिलेलं. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो एलपीजी. एका किलोची उष्णता सुमारे ११,९०० किलोकॅलरी, म्हणजे सिलिंडरची जवळपास १ लाख ६९ हजार. पाइपमधल्या एका घनमीटर नैसर्गिक गॅसची उष्णता सुमारे ९,३००. भागाकार केला की १८ येतात. एक घरगुती सिलिंडर म्हणजे १८ घनमीटर पाइपगॅस.

म्हणून नियम सोपा. तुमच्या गावात सिलिंडर ज्या भावाने घरात येतो त्या भावाला १८ ने भागा. सिलिंडर ९०० रुपयांना पडतो असं धरलं तर उत्तर ५० रुपये. पाइपगॅसचा दर सगळे कर धरून ५० च्या खाली असेल तर पाइप स्वस्त, वर असेल तर बाटला. हॉटेल, खानावळ, वडापावची गाडी चालवणाऱ्यांनी १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरला २४ ने भागावं. मात्र तुलना करताना त्यांनी पाइपगॅसचा घरगुती नव्हे, व्यावसायिक दर घ्यायचा. हे दोन दर वेगळे असतात.

सिलिंडर पाच आठवडे पुरणाऱ्या घराला महिन्याला १५-१६ घनमीटर लागतो. बिल बहुतेक ठिकाणी दोन महिन्यांनी येतं, तेव्हा ३० च्या आसपास आकडा दिसला तर दचकू नका. ६० दिसला तर मात्र मीटर बघा.

मीटर बघायची एक रीत आहे. आकड्यांची खिडकी असते, त्यातले आधीचे आकडे काळे, शेवटचे तीन लाल. काळे म्हणजे पूर्ण घनमीटर, लाल म्हणजे त्याचे तुकडे. मी पहिल्याच वेळी घरून रीडिंग पाठवताना २१४ च्या पुढचे लाल ६३७ ही जोडून दिले. दोन लाख चौदा हजारांचं रीडिंग! त्या वर्षी शहरातल्या सगळ्या पंगती माझ्याच घरी उठल्या असत्या. फोनमध्ये मीटरचा तारखेसह फोटो होता म्हणून दुरुस्ती लगेच झाली. तेव्हापासून दर महिन्याच्या एक तारखेला फोटो काढतो.

दर ठरतो कसा

देशातल्या जुन्या क्षेत्रांतून, म्हणजे मुंबई हायसारख्या ठिकाणाहून निघणाऱ्या गॅसचा दर सरकार ठरवतं. किरीट पारीख समितीच्या शिफारशींनंतर एप्रिल २०२३ पासून तो दर महिन्याला जाहीर होतो. भारत जे कच्चं तेल घेतो त्याच्या सरासरी भावाच्या १० टक्के. त्याला खाली ४ डॉलरचा तळ, वर ६.५० डॉलरची मर्यादा, तीही २०२५ च्या एप्रिलपासून दरवर्षी पाव डॉलरने वर सरकणारी. हा डॉलर 'एमएमबीटीयू' या मापाला असतो. एक एमएमबीटीयू म्हणजे २ लाख ५२ हजार किलोकॅलरी, आपल्या हिशेबाने २७ घनमीटर.

हा स्वस्त गॅस सगळ्यांना पुरत नाही. वाटपात घरगुती पाइपगॅसचा मान पहिला, मग गाड्यांचा सीएनजी. कारखान्याला आणि हॉटेलला बाजारभावाचा, बहुतेक वेळा आयात केलेला गॅस. एकाच रस्त्याखालच्या एकाच पाइपातून जाणारा गॅस तुमच्या स्वयंपाकघरात एका भावाने आणि समोरच्या बेकरीत दुसऱ्या भावाने का जळतो, त्याचं कारण एवढंच. वर वाहतुकीचा आकार, कंपनीचा खर्च आणि नफा, आणि राज्याचा व्हॅट. महाराष्ट्राने १ एप्रिल २०२२ पासून हा व्हॅट १३.५ वरून ३ टक्क्यांवर आणला. नैसर्गिक गॅस अजून जीएसटीत नाही. घरच्या माणसाला त्याचं सुखदुःख नाही, पण कारखानदाराला आहे, कारण गॅसवर भरलेला कर पुढच्या जीएसटीतून वजा करता येत नाही.

कारखाना असेल तर

कोकणात मोठे गॅसखाऊ आधीपासून आहेत. उरणच्या ओएनजीसीच्या प्रकल्पाशेजारी महाजेनकोचं गॅसवर चालणारं वीजकेंद्र, अलिबागजवळ थळचा आरसीएफचा युरिया कारखाना. थळला गॅस नुसता जळत नाही, त्यातल्या हायड्रोजनपासून अमोनिया बनतो, म्हणजे गॅस हाच कच्चा माल. त्यांचे करार वेगळे, आपला संबंध नाही. आपला प्रश्न लोटे, महाड, रोहा किंवा मिरजोळेतल्या दोन टनी, म्हणजे तासाला दोन टन वाफ देणाऱ्या, बॉयलरचा.

पहिलं काम: दर टन वाफेचा खर्च काढा. एक टन वाफेला चांगल्या बॉयलरमध्ये साधारण ७५ घनमीटर गॅस लागतो. तेवढ्याच वाफेला सुमारे ७८ लिटर डिझेल, किंवा सव्वादोनशे किलो ब्रिकेट, म्हणजे भुसा-काडीकचरा दाबून केलेलं इंधन, ज्याला आपण पांढरा कोळसा म्हणतो. डिझेलचा लिटर आणि गॅसचा घनमीटर उष्णतेत जवळपास सारखे, भावात मात्र डिझेल महाग, तेव्हा डिझेलवर चालणाऱ्याने फार विचार करायचं कारण नाही, गॅस घ्यावा. ब्रिकेटची गोष्ट निराळी. किलोला ८ रुपये धरला तर टनभर वाफ १,८०० रुपयांत निघते. त्या भावात बसायचं तर गॅस २४ रुपयांना मिळायला हवा. आणि १२ डॉलरचा आयात गॅस, डॉलर ८५ रुपयांना धरला, तरी वाहतूक आणि कर न लावताच ३८ रुपयांना पडतो. राख उचलणं, भट्टीवरची माणसं, पावसात भिजलेला ब्रिकेट आणि धुराची तक्रार हे सगळं ब्रिकेटच्या खात्यात मांडा, तरी दरी पूर्ण बुजत नाही.

दुसरं काम करार वाचायचं. कंपनीचा माणूस दर सांगेल तेव्हा तीन गोष्टी विचारा. दर कशाच्या भावाला बांधलाय: ब्रेंट या कच्च्या तेलाच्या, हेन्री हब या अमेरिकेतल्या गॅसबाजाराच्या की पर्यायी इंधनाच्या? रोज किती गॅस उचलायचा करार आहे? आणि उचलला नाही तर किमान कितीचे पैसे भरायचे? या शेवटच्याला 'टेक ऑर पे' म्हणतात, आणि कोकणातल्या हंगामी धंद्याचा गळा तिथेच आवळला जातो. आमचं कॅनिंग एप्रिलच्या मध्यापासून फार तर जूनच्या मध्यापर्यंत. दोन महिने बॉयलरला उसंत नाही, आणि उरलेले दहा महिने तो झाकून ठेवलेला. वर्षभराची किमान उचल आमच्या अंगावर आली असती तर रसापेक्षा गॅस महाग पडला असता. म्हणून आमचा बॉयलर अजून पांढऱ्या कोळशावर आहे. लोट्यातल्या बारमाही रासायनिक कारखान्याला हाच करार सोयीचा ठरू शकतो. तापमान एकसारखं मिळतं, साठवणीची टाकी लागत नाही, प्रदूषण मंडळासमोर बोलणं सोपं जातं.

ज्यांना भाव बघून इंधन बदलायचंय त्यांनी दोन इंधनांवर चालणारा बर्नर घ्यावा. आयात गॅसचा भाव किती उड्या मारतो ते बघा: २०२० च्या उन्हाळ्यात आशियाई बाजारात तो २ डॉलरच्या आसपास लोळत होता, आणि २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धात ५० डॉलरच्याही वर गेला. त्या वर्षी जुनी फर्नेस ऑइलची टाकी भंगारात न काढलेले शहाणे ठरले. बॉयलरचं इंधन बदलण्याआधी बाष्पके संचालनालयाची मंजुरी विसरू नका.

वास आला तर

सिलिंडरच्या सवयीने इथे चूक होते. एलपीजी हवेपेक्षा जड, तो खाली साचतो. नैसर्गिक गॅस हलका, वर जातो, छताला साचतो. म्हणून पाइपगॅसच्या स्वयंपाकघराला वरच्या बाजूला कायम उघडी झडप लागते. पावसाची झड आत येते म्हणून कोकणात ती झडप वर्तमानपत्राने नाहीतर पत्र्याने बुजवायची खोड आहे. बुजवू नका, बाहेरून छोटा छज्जा बसवा. वास आला तर दिव्याचं बटण दाबू नका, चालू असलेलं बंदही करू नका. शेगडीजवळचा व्हॉल्व्ह बंद करा, जमलं तर मीटरजवळचाही. दारं-खिडक्या उघडा, बाहेर या आणि मग फोन करा. कंपनीचा आपत्कालीन क्रमांक मीटरवर आणि बिलावर छापलेला असतो, तो आजच दाराच्या आत लिहून ठेवा. १९०६ हा क्रमांक सिलिंडरच्या गळतीसाठी आहे, पाइपसाठी नाही. आणि शेगडीची रबरी नळी महिन्यातून एकदा हाताने चाचपून बघा. आमच्याकडच्या उंदरांना तिची फार आवड.

घर सोडताना

बदली झाली, भाड्याचं घर बदललं, की लोक किल्ली देऊन निघून जातात आणि अनामत विसरतात. निघायच्या पंधरा दिवस आधी कंपनीला लेखी कळवा, शेवटचं रीडिंग समोर उभं राहून घ्या, काळ्या आकड्यांचा फोटो काढा, शेवटचं बिल भरा आणि अनामतीच्या मूळ पावतीची झेरॉक्स अर्जाला जोडा. नवा भाडेकरू त्याच जोडणीवर राहणार असेल तर नाव बदलून घ्या, नाहीतर त्याच्या मटणाच्या रश्श्याचं बिल तुमच्या नावावर येत राहील.